धामण पाठवतोय, सांभाळून उघडा

सरकारी फार्म, जोधपूरजवळ
ता. ३ मार्च १९५८

ती. शेवंती वहिनीस,

सत्यवानचा नमस्कार. भाईला सांग, त्याचा धाकटा भाऊ मारवाडात अजून जिवंत आहे आणि होता त्याहून काळा झालाय. इथे मासळी नाही, माड नाही, समुद्र नाही. वाळू मात्र आपल्या तोंडवळीच्या पुळणीला लाजवेल इतकी आहे. परवा बाजारात एकाने मला 'मछली' म्हणून सुकवलेल्या शेंगा विकल्या. मी त्या तुझ्यासारखंच तिरफळ घातल्याची कल्पना करून खाल्ल्या.

आता मुख्य विचारतो. धामापूरच्या काशीराम परबांच्या पार्वतीचं काय झालं? तू पत्रिका दिलीस की नाही? गेल्या वर्षी रजेवर आलो तेव्हा भगवतीच्या जत्रेत ती देवळाच्या पायऱ्यांवर हसली होती. माझ्यावर हसली की माझ्या टोपीवर, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण त्या हसण्यावर मी वर्षभर बाजरीच्या भाकऱ्या गिळतोय. वहिनी, दुसरी कोणी नको. ती नसेल तर मी इथेच उंटिणीशी संसार मांडतो, मग जाऊबाई म्हणून तुला तिला कुंकू लावावं लागेल.

आणि एक. पार्सलाने घरी इकडची धामण पाठवतोय. साहेब हसतात, पण मला बघायचंच आहे की ती आपल्या समुद्राकाठी जगते का. पेटी वाऱ्यात उघडू नका, उडून जाईल. वर्षभराची जुनी आहे, तीच चांगली. ताजी असली की नुसती झोपून राहते, जुनी पाणी लागताच जागी होते. परड्यात नको, पुळणीवरच्या वाळूत सोडा. खोल पुरू नका, गुदमरेल. नखभर वाळू वरून ओढली की पुरे. महिनोन् महिने तहानलेली राहते, तिची काळजी करू नका. कापली तरी मरत नाही, बुडखा राखलात की परत वाढते. पहिलं वर्ष तांबूला तिच्या जवळ फिरकू देऊ नका. पुढे तांबूने कितीही खाल्ली तरी बाधत नाही. दूध कसं वाढतं ते बघाच.

जीव लावून जपा. माझा इथला सगळा जीव तिच्यातच आहे. (अर्धा. उरलेला धामापूरला.)

तुझा
सत्यवान

⁂

तोंडवळी, ता. मालवण
ता. १९ मार्च १९५८

भावजी,

आशीर्वाद मागाहून देते. आधी सांगा, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? की तिकडच्या उन्हाने वितळलं?

पत्र आधी आलं. मी नेहमीसारखं खळ्यात बसून मोठ्याने वाचायला घेतलं. शेजारचे नाना होते, दोघी-चौघी बायका होत्या. धामणीपाशी आले आणि माझा आवाजच बसला. नाना म्हणाले, "वाच गो, वाच, गिळू नको." वाचलं. पुरायची म्हणे, जिवंत! कापली तरी वाढते म्हणे! आणि आमच्या इकडे धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, ते लहान पोर पण सांगेल, तर तुमच्या मारवाडात गायच धामण खाते? रे देवा महाराजा! तांबू बिचारी गवताची काडी निवडून खाणारी, तिने कधी बांगड्याचं डोकं हुंगलं नाही. ती साप खाणार?

आणि उडते पण? पंख असलेली धामण आजवर कोणी बघितली नव्हती. नाना म्हणाले, मारवाडात असतात, त्यांच्या आजोबांनी ऐकलं होतं.

मग पार्सल आलं. पेटीवर तुमच्याच अक्षरात: 'धामण. कोरड्या जागी ठेवणे.' पोस्टमनने ती आगराच्या दगडी गडग्यावर ठेवली आणि सही न घेताच पळाला. तुमच्या भाईंनी लांब बांबूने ती ढकलत ढकलत पुळणीवर नेली. वरून मासळीचा हारा पालथा घातला आणि हाऱ्यावर धोंडा ठेवला. आतून सळसळ ऐकू येते. मी स्वतः ऐकली. नानांनी वाटीत दूध ठेवायला लावलं. थोड्या वेळाने जाऊन बघतो तर वाटी चाटूनपुसून साफ! सगळे म्हणाले, बघा, फटीतून मान काढून प्यायली. मला आमच्या मांजराचा दाट संशय आहे, पण त्या गर्दीत बोलायची सोय नव्हती.

आता खरं दुखणं. धामापूरला पत्रिका मी कधीच दिली होती, जुळलीही होती. पण तुमच्या भाईंच्या पोटात काही राहतं का? कसालच्या बाजारात काशीराम परब भेटले. भाईंनी हौसेने सांगितलं की आमच्या सत्यवानाने घरी धामण पाठवली आहे, जीव लावून पाळतो. काशीरामनी तिथल्या तिथे हात जोडले, "माझा चेडू मी गारुड्याक देवचंय नाय."

झालं. मी दोन दिवस जेवले नाही. म्हणजे मासळी खाल्ली, भात नाही खाल्ला.

भावजी, ताबडतोब कळवा, ही धामण परत कशी पाठवायची? आणि नर आहे की मादी, तेही कळवा. नाना विचारतात.

शेवंती

⁂

सरकारी फार्म
ता. २८ मार्च १९५८

वहिनी गो,

गवत! गवत! गवत!

धामण म्हणजे गवत! इकडे ह्या गवताला धामण म्हणतात. सगळं मारवाड म्हणतं. दोन वर्षं दिवसभर तोच शब्द कानावर पडून मी साफ विसरलो की आपल्याकडे धामण सरपटते. अगो, मी कशाच्या फार्मवर आहे असं तुम्हाला वाटत होतं?

तुझं पत्र मी कुरणात उभा राहून वाचलं आणि हसता हसता खाली बसलो, तर बसलो तो नेमका काट्यावर. माझ्या साहेबांना हिंदीत भाषांतर करून सांगितलं. मांजर आणि वाटीपाशी आल्यावर ते चष्मा काढून डोळे पुसायला लागले.

आता नीट ऐक. पेटीत बी आहे. मऊ केसाळ बोंडं आहेत, म्हणून वाऱ्यात उडतात आणि हलवली की सळसळतात. बी ताजं असलं तर उगवत नाही, वर्षभर निजू द्यावं लागतं. पेरताना ओल्या वाळूत कालवून घे, म्हणजे हातात राहील. मृगाच्या आधी पेर. बियाणं पुळणीवर टाकून वरून नुसता झाडू फिरव. आपला पाऊस हिला झेपणार नाही, अशी साहेबांची पैज आहे. पण मी म्हणतो, पुळणीवर पाणी उभं कुठे राहतं? पडतं आणि खाली जातं. मुळांना बुडून राहायचं नसतं, एवढंच तिचं मागणं. वारा, खारट हवा, उपास, सगळं ती काढते. उन्हाळ्यात पांढरीफटक पडेल. मेली म्हणून उपटू नको. बुडात हिरवा कोंब असतो, बोटाने चाचपून बघ.

वहिनी, ह्या गवताची मला एवढी ओढ का, ते सांगतो. इथे जिकडे काही म्हणून काही नाही तिकडे हे असतं. चार महिने मेल्यासारखं पडतं, आणि एका सरीवर असं उठतं की आपल्यालाच लाज वाटते, आपण कशाला एवढे कंटाळलो होतो म्हणून. मला घरची फार आठवण आली की मी एखाद्या ठोंबाजवळ जाऊन बसतो. हसू नको.

हे सगळं राहू दे. तू आधी धामापूरला जा! चालत जा, गाडीने जा, पण आजच जा. काशीरामांना सांग, जावई गारुडी नाही, गवतवाला आहे. पार्वतीच्या कानावर घाल. माझं सगळं तुझ्या जिभेवर आहे आता. एरवी ती कधी थांबत नाही, आता तर मुळीच थांबवू नको.

तुझा
सत्यवान

ता. क. नानांना सांग, नरही नाही, मादीही नाही.

⁂

तोंडवळी
ता. १६ एप्रिल १९५८

चि. सत्यवान भावजींस शेवंतीचे पोटभर आशीर्वाद. आज पोटभरच, कारण बातमी तशी आहे.

पेटी उघडली. नाना लांब माडाआड उभे होते. आतून पिशवी निघाली, पिशवीतून कापसासारखं ते तुमचं बी. नानांचा चेहरा बघवेना. म्हणाले, "ह्या काय? ह्येच्यासाठी आमी दूध ठेवला?" गेले ते दोन दिवस फिरकले नाहीत. अख्ख्या वाडीला तुमचा राग आला आहे. साप म्हणून सगळे कसे खूश होते.

आता बसा. बसलात? काट्यावर नाही ना?

धामापूरहून होकार आला.

मी गेले होते. काशीरामांच्या पडवीत बसले, चहा घेतला, तळ्याकाठची थंडगार हवा खाल्ली. कसा आला ते विचारू नका. मी एवढंच सांगते की मी तोंड उघडायच्या आधीच आला. बाप नको म्हणत होता, पोरगी हट्टाला पेटली, 'करीन तर ह्यांच्याशीच.' मग बापाचं काय चालणार? तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त काढायचा ठरलं आहे. मी देवीला नारळ फोडून आले.

फक्त दोन गोष्टी. धामापूरला परस्पर पत्र टाकू नका. आणि इकडे पत्र लिहिताना गवत हा शब्द जरा जपून वापरा, म्हणजे धामण असंच लिहिलंत तर फार बरं. गोड वाटतं ऐकायला.

आणि सहज विचारते. तुम्हाला साप धरता येतो ना? नुसतं हो की नाही कळवा. शक्यतो हो.

शेवंती

⁂

सरकारी फार्म
ता. २७ एप्रिल १९५८

वहिनी!

तू देवी आहेस! भगवतीच्या शेजारी तुझी मूर्ती बसवून घेतो. मी आज फार्मवरच्या सगळ्यांना गूळ वाटला, उंटालाही दिला. उंटाने माझी बाही खाल्ली. खाऊ दे. करीन तर ह्यांच्याशीच! असं म्हणाली? ह्याच शब्दांत? अगो, एकदा परत लिहून पाठव, नुसतं तेवढंच वाक्य कागदावर.

सापाचं काय विचारतेस? तिला वाळवंटात येऊन राहायचं आहे, म्हणून काळजी वाटत असणार बिचारीला. मग सांग तिला, सत्यवान असताना भ्यायचं कारण नाही. साप इथे रोजचेच. मी उचलतो, बाजूला ठेवतो, कामाला लागतो. परवाच एक हे एवढं फुरसं खोऱ्याने नव्हे, हातानेच उचललं. असं काहीतरी सांग. तिला धीर येईल असं.

धामणीचं (बघ, जपून वापरला शब्द) विसरू नको. पुळणीवरच. परड्यात नको. शेण घालू नको, पाणी घालू नको, मायेने तर मुळीच काही घालू नको. माया केलीस की ती कुजते.

आनंदाने वेडा झालेला
सत्यवान

⁂

तोंडवळी
ता. ६ सप्टेंबर १९५८

भावजी,

मधे पत्र टाकलं नाही. पाऊस होता, होडी वल्हवून पोस्टात न्यायला तुमचे भाई नव्हते, शाई सुकली होती. सगळं खोटं. मला तोंड नव्हतं.

आधी धामणीचं सांगते. तुमचं ऐकून पुळणीवर पेरली. पण मूठभर बी हातात उरलं, आणि माझा हात कुठला ऐकतो? भेंड्यांच्या ओळीत परड्यात पेरलं. शेणखत घातलं, तांदळाचं धुवण घातलं, रोज विचारपूस केली. पावसात ते सगळं काळं पडून कुजलं. आणि पुळणीवरचं, ज्याच्याकडे मी ढुंकून बघितलं नाही, ते असं टरारून उठलं आहे की ठोंबच्या ठोंब वाऱ्यावर डोलतात. रोज वाळू उडून माझ्या खळ्यात, भातात, डोळ्यांत यायची, ती तिथेच अडून राहिली आहे. तांबू गडग्यावरून मान लांब करून बघते आणि सुस्कारे टाकते. अजून सोडली नाही.

आता रागावू नका. होकार कसा आला ते सांगते.

मी धामापूरला गेले ती गवताचंच सांगायला. देवाशप्पथ. पण पार्वती मला मागीलदारी घेऊन गेली आणि म्हणाली, "वहिनी, ते खरंच धामण पाळतात? वाळूत सोडा म्हणून लिहिलं? मारू नका, जीव लावून जपा म्हणून?" भावजी, त्या पोरीचे डोळे असे चमकत होते की मी गवत विसरले. मी म्हटलं, "हो." ती वळली, बापासमोर गेली आणि म्हणाली, करीन तर ह्यांच्याशीच. ती धामण हाताने धरते हो! शेपटीकडून उचलते आणि तळ्याकडे नेऊन सोडते. तिला वाटलं, आपल्यासारखंच दुसरं कोणीतरी जगात निघालं. वर तुम्ही ते फुरसं हाताने धरल्याचं लिहिलंत. मी ते पत्र तिला वाचून दाखवलं. तिने ते पुन्हा वाचायला लावलं.

आता झालं काय, तर तिची मावशी आनंदीबाई आचऱ्याला असते. मावशीकडे आली ती मावशीला घेऊन थेट आमच्या खळ्यात. म्हणाली, "धामण दाखवा." काय करणार? नेली पुळणीवर. दाखवली. ती बराच वेळ गवताकडे बघत राहिली. गवतात काहीतरी निघेल म्हणून वाट बघत असावी. मग म्हणाली, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच गो." ती मावशीचा हात धरून निघून गेली. जाताना डोळे पुसले. मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी मावशीचा निरोप: 'पोरगी विचार करतेय.' काशीराम आधीच नाखूश, त्यांना तर निमित्तच हवं आहे.

एकच उपाय मला दिसतो. गवत तर गवत, पण माणूस तरी साप धरणारा आहे, हे तिला पटलं तर जमेल. तुम्ही दिवाळीला या. नाना एक धामण बघून ठेवतो म्हणाले आहेत, त्यांच्या विहिरीजवळ असते. तुम्ही पार्वतीसमोर ती धरायची. एवढंच. तुम्हाला काय, रोजचंच.

मला शिव्या द्या, पण या.

शेवंती

⁂

सरकारी फार्म
ता. १५ सप्टेंबर १९५८

वहिनी,

मेलो.

मला साप धरता येत नाही. मला साप बघता येत नाही. मी सापाला इतका भितो की इथे सगळ्यांना माझी खाट ठाऊक आहे. कोणी नुसतं 'साप' म्हटलं की मी खाटेवर असतो, मग साप कुठेही असो. गेल्या पावसात विहिरीच्या दोरावर चढलो होतो. दोर म्हणजे साप वाटला म्हणून नव्हे, साप दुसरीकडे होता, चढायला जवळ तेवढाच होता. साहेबांनी शिडी लावून उतरवलं. ते फुरसं फार्मच्या चौकीदाराने धरलं. मी तेव्हा खाटेवरून त्याला धीर देत होतो.

तिला धीर यावा म्हणून लिहिलं. आता कळतंय, तिला धीर नको होता. तिच्याकडे तो माझ्यापेक्षा जास्तच आहे.

नानांना सांग, विहिरीजवळच्या धामणीला त्रास देऊ नका. मी दिवाळीला येऊन ती धरणार नाही. धरली तर मी तिथेच आडवा होईन, आणि नाही धरली तर खोटा ठरेन. वहिनी, काहीतरी करून तिला फसवून आणू असं आता म्हणू नको. ती मला इतकी हवी आहे की फसवून नको.

हे पत्र तिला दे. सगळंच्या सगळं दे, खाट, दोर, शिडी, काहीही गाळू नको. तिला सांग, ज्याने जीव लावून जपायला सांगितलं तो मीच होतो, फक्त ते गवत होतं. मला जपता येतं ते एवढंच. पुळणीवर उभं आहे ते बघून तिचं मन वळलं तर वळलं. नाही वळलं तर मी तिला दोष देणार नाही. म्हणजे देणार नाही असं लिहितोय. आज मी कुठल्याही ठोंबाजवळ जाऊन बसलेलो नाही, कारण कशाने बरं वाटेल असं दिसत नाही.

आता एक काम मात्र कर. फुलोरा आला असेल, तर कापून घे. वीतभर बुडखा ठेव. तेवढं जप.

सत्यवान

⁂

आचरा, मावशीकडून
ता. ५ ऑक्टोबर १९५८

श्री. सत्यवान यांस,

पत्राची सुरुवात कशी करावी ते आम्हाला शाळेत शिकवलं होतं. वडिलांना, गुरुजींना, मामलेदारांना, सगळ्यांना कशी करायची ते होतं. ज्याच्याशी लग्न ठरलं, मोडल्यात जमा झालं आणि आता काय आहे ते कोणालाच माहीत नाही, अशा माणसाला कशी करायची ते नव्हतं. म्हणून सुरुवात राहू दे.

तुमचं पत्र वहिनींनी आणून दिलं. देताना त्यांनी खाट आणि शिडीवर बोट ठेवलं होतं. मी बोट उचललं.

मी त्या दिवशी पुळणीवर रडले, हे खरं आहे. गवत बघून रडणारी बाई तुम्ही मारवाडातही बघितली नसेल. तुम्हाला कारण सांगते. आमच्याकडे गोठ्यात धामण निघाली की काठ्या घेऊन धावतात. ती उंदीर खायला आलेली असते, कोणाचं काही करत नाही. मी धरून तळ्याकडे सोडते. लहानपणापासून. त्यावरून माझी चांगली चांगली स्थळं परत गेली. एक तर चहा पिता पिता उठून गेले, मी धामण घेऊन पडवीतून जात होते म्हणून. बाबा म्हणतात, ह्या चेडवाक कोण पदरात घेतलो? आणि तेवढ्यात कसालहून येऊन बाबांनीच ओरडत सांगितलं की तोंडवळीचा तो सत्यवान धामण पाळतो. मी त्या रात्री झोपले नाही. मला वाटलं, सुटले मी. आता मला माझ्यासारखं राहता येईल.

आणि निघालं गवत. राग आला. तुमचा नाही आला तेवढा माझाच आला, एका शब्दावर मी किती उड्या मारल्या म्हणून.

मग तुमचं पत्र. शिडीपाशी आल्यावर मी इतकी हसले की मावशी पाणी घेऊन आली. 'चढायला जवळ तेवढाच होता.' अहो, दोराला काय वाटलं असेल?

मी धामापूरला परत गेले नाही. मावशीला म्हटलं, आणखी राहते. इथून चालत तुमच्या पुळणीवर जाते. बरं झालं गेले. वहिनी विळा घेऊन मुळापासूनच कापायला निघाल्या होत्या. म्हणाल्या, बुडखे कशाला, दिसायला वाईट दिसतात. मी विळा काढून घेतला. वीतभर ठेवून आम्ही दोघींनी कापलं. मी मूठ धरायची, वहिनी बोलायच्या. कापलेलं तांबूला घातलं. तिने आधी हुंगलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि मग मान वर काढली नाही. दुधाचं नाना सांगतील, रोज वाटी घेऊन येतात.

आता बुडख्यांना नवे कोंब फुटले आहेत. हात फिरवला की हाताखालून वाकतात आणि परत उभे राहतात. तुम्ही ठोंबाजवळ जाऊन बसता, ते वहिनींनी मला आता वाचून दाखवलं. मी पण बसून बघितलं. थोडं थोडं कळलं. त्यात साप अजून एकही आलेला नाही. मी रोज बघते.

बाबा मला न्यायला इथे आले, त्यांना मी सांगितलं, मुलगा साप धरत नाही, सापाला भितो. बाबा म्हणाले, "मगे कित्याक होयो तुका तो?" म्हटलं, बाबा, साप धरणारं घरात एक आहे ना? मी आहे. दोघं दोघं कशाला? बाबा डोकं खाजवत पत्रिका घेऊन भटजींकडे गेले आहेत.

तेव्हा दिवाळीला या. नानांनी बघून ठेवलेल्या धामणीला तुम्ही हात लावायचा नाही, ती मी केव्हाच खाडीपलीकडे सोडून आले. साहेबांना सांगा, ते पैज हरले. तिकडे मारवाडात आपण दोघं असू तेव्हा खाट दाराजवळ ठेवू, म्हणजे तुम्हाला लांब धावायला नको. साप दिसला की तुम्ही खुशाल वर चढा आणि मला हाक मारा. 'अगं', 'ऐकलंस का', असं काही नको. नाव घेऊन, मोठ्याने, सगळ्या फार्मला ऐकू जाईल असं: पार्वती! लोक काय म्हणायचं ते म्हणोत.

मिया येतंय.

पार्वती